सेटर : हिवाळ्यातील भेट

सेटर म्हणजे नॉर्वेतील डोंगराळ भागातली उन्हाळी गुरांची ठाणी. पश्चिमेकडे त्यांना स्टोल म्हणतात. उन्हाळ्यात गाई-शेळ्या वरच्या कुरणांवर न्यायच्या, तिथेच लोणी आणि चीज करायचे आणि थंडीच्या तोंडावर खाली उतरायचे, अशी ही जुनी रीत. नॉर्वे व स्वीडनमधील या परंपरेची नोंद २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारसा यादीत झाली.

सेटरची बहुतेक वर्णने गुरे उतरली की थांबतात. प्रत्यक्षात बर्फ पडल्यावरच तिथली खरी वाट खुली होई. वरच्या माळावर कापलेले गवत लाकडी कोठारांत भरून ठेवत. दलदल आणि तळी गोठून टणक झाली की घोड्याची घसरगाडी जोडून ते गावी आणत. खोल बर्फात पाय रुतू नयेत म्हणून घोड्याच्या खुरांना रुंद कडी बांधत. ती कधी डहाळ्या वळून केलेली असत, कधी लोखंडाची. रिकाम्या सेटरवर हिवाळ्यात हुल्दर, म्हणजे जमिनीखालचे अदृश्य लोक, राहायला येतात अशीही समजूत होती. गवत आणायला गेलेल्या माणसाला तिथे किती एकटे वाटत असेल, ते यावरून कळते.

आज तिथे जातात ते मुख्यतः स्कीवरून. १९५७ च्या कायद्याने मोकळ्या रानात सर्वांना वर्षभर फिरता येते. कसलेल्या शेतांत व गवताच्या कुरणांत मात्र जमीन गोठलेली किंवा बर्फाखाली असतानाच पायी जाता येते, आणि तेही ३० एप्रिल ते १४ ऑक्टोबर हा काळ वगळून. घराचे अंगण केव्हाही खासगीच. स्नोमोबाइल परवानगीशिवाय चालवता येत नाही. १८६८ मध्ये स्थापन झालेल्या नॉर्वेजियन ट्रेकिंग असोसिएशनने काही जुनी सेटर मुक्कामासाठी खुली केली आहेत.

सर्वांत मोठा धोका हिमस्खलनाचा. तीस अंशांहून तीव्र उतार आणि त्यांच्या पायथ्याची जागा टाळावी लागते. वाऱ्यात दिशा हरवते, म्हणून काही वाटांवर बर्फात काठ्या रोवलेल्या असतात. फावडे बचावासाठी हवेच, शिवाय दार मोकळे करायलाही लागते. हिवाळा सरताना दिवसा वितळलेला थर रात्री गोठून कडक कवच होतो. सकाळी ते माणसाचे वजन पेलते, दुपारी मांडीपर्यंत पाय जातो. त्यामुळे जाणकार त्या दिवसांत पहाटेच निघतात.