न कळता सुटणारी दारू आणि इबोगाचं मूळ

बेळगावहून खानापूरकडे निघालात की भिंतींवर आणि विजेच्या खांबांवर एक जाहिरात हमखास दिसते: दारू सोडवा, शंभर टक्के आयुर्वेदिक, पिणाऱ्याला न कळता. खाली मोबाईल नंबर. मराठीत असते तशी कन्नडमध्येही असते. पाट्यांच्या भाषेवरून आपल्याकडे किती डोकी फुटली, पण या एका पाटीचा मजकूर दोन्हीकडे शब्दाला शब्द जुळतो.

अलीकडे या जाहिरातीच्या जोडीला मोबाईलवरचे व्हिडिओ आले आहेत. आफ्रिकेतल्या झाडाचं मूळ खाल्लं आणि एका रात्रीत हेरॉईन सुटलं, ॲमेझॉनच्या जंगलातला काढा प्याला आणि दारूची आठवणच येईना, अशा गोष्टी. व्यसनमुक्तीच्या कामात थोडीफार धावपळ करतो म्हणून लोक मला विचारतात. नंदगडच्या एका काकूंनी तर सरळच विचारलं, "त्या झाडाची पूड इकडं मिळतीय काय हो? आमटीतनं घालून बघते म्हणते."

काकूंच्या मनात भिंतीवरची जाहिरात आणि मोबाईलवरचा व्हिडिओ एकच झाले होते. त्यात त्यांचा दोष नाही. पण या दोन गोष्टींचे इतिहास एकमेकांच्या अगदी उलट दिशेने गेलेले आहेत.

आधी आपल्याकडचं. बेळगाव जिल्हा 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे 1949 चा मुंबईचा दारूबंदी कायदा आपल्या आजोबांनीही भोगला. भोगला असंच म्हणायचं, कारण दुकानं बंद झाली आणि हातभट्टी ओढ्याकाठी गेली. पुढे म्हैसूर राज्यात गेल्यावर 1960 च्या दशकाच्या अखेरीस बंदी उठली. मग सरकारी ठेक्याची सरायी, म्हणजे देशी दारू, आली आणि तिची प्लास्टिकची पाकिटं आली. 'पाकीट मारणं' याचा अर्थ या भागात खिसा कापणं एवढाच राहिला नाही. 1 जुलै 2007 पासून कर्नाटकाने सरायी बंद केली. पिणारे काही बंद झाले नाहीत, ते बाटलीकडे वळले, आणि चोर्ला घाटाच्या पलीकडे गोवा आहेच. पलीकडे चंदगडात गावातल्या बायका मतदान करून बाटली आडवी करू शकतात, तो महाराष्ट्राचा नियम. दोन मैल अलीकडे त्याचा उपयोग नाही.

या सगळ्या काळात पिणाऱ्याला कोणी काही विचारलं असं झालं नाही. कायदा त्याच्या डोक्यावरून आला, तसाच गेला. घरच्यांनी उपाय केले तेही त्याच्या पाठीमागे. अंगारा चहात, मुळी आमटीत. आता पूड. या पुडींपैकी काहींमध्ये डायसल्फिराम हे औषध मिसळलेलं असतं. ते झाडपाल्याचं नाही, 1948 मध्ये डेन्मार्कमध्ये दारूवरचं औषध म्हणून पुढे आलेलं रसायन आहे. ते पोटात असताना दारू घेतली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात, रक्तदाब कोसळतो. माणसाला माहीत असेल आणि डॉक्टर लक्ष ठेवत असतील तर हे चांगलं हत्यार आहे. माहीत नसताना दिलं तर ते जीवावर बेतू शकतं.

एक अपवाद मात्र सांगायला हवा, तो माळेचा. पंढरीला जाऊन तुळशीची माळ घातली आणि दारू-मटण सुटलं अशी माणसं आपल्या प्रत्येक गावात दोन-चार तरी सापडतील. माळ कोणाला झोपेत घालता येत नाही. ती घेणाऱ्याने मागून घ्यायची असते, आणि घेतल्यावर एकादशीचं भजन, दिंडी, फडावरची माणसं असा सगळा गोतावळा तिच्या मागे उभा राहतो. हे ध्यानात ठेवा, पुढे आफ्रिकेत गेल्यावर ते उपयोगी पडेल.

न्यूयॉर्कचा पोरगा

मध्य आफ्रिकेतल्या गॅबॉन देशात इबोगा नावाचं झुडूप आहे. त्याच्या मुळाची साल ब्विती पंथाच्या दीक्षेत खातात. दीक्षा घेणारा रात्रभर, कधी त्याहून जास्त वेळ, त्या सालीच्या अमलाखाली असतो. भोवती वाद्यं, गाणी, मशाली, आणि दीक्षेतले 'आई-बाप' म्हणून नेमलेली माणसं त्याच्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवतात. त्याला पूर्वज दिसतात, स्वतःचं आयुष्य समोरून सरकताना दिसतं. व्यसन सोडवणं हा या विधीचा मूळ हेतू नव्हे. फ्रेंच वसाहतवाल्यांनी झाडाचा अभ्यास केला, 1901 मध्ये त्यातलं इबोगेन वेगळं काढलं गेलं आणि 1939 ते 1970 या काळात फ्रान्समध्ये 'लांबारेन' नावाच्या गोळ्या थकवा घालवायला म्हणून विकल्या गेल्या. मात्रा इतकी कमी की पूर्वजबिर्वज कोणाला दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

व्यसनाशी त्याची गाठ घातली ती एका व्यसनी पोराने. हॉवर्ड लॉट्सॉफ 1962 मध्ये 19 वर्षांचा होता, न्यूयॉर्कमध्ये हेरॉईन घेत होता. नवी नशा म्हणून त्याने इबोगेन घेतलं. दीड दिवसाने भानावर आला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की हेरॉईन न घेताही अंग मोडत नाही, घाम नाही, कळा नाहीत. त्याच्या ओळखीतल्या आणखी काही हेरॉईनवाल्यांनी घेतलं, त्यांनाही तसाच अनुभव आला. प्रयोगशाळा नाही, डॉक्टर नाही. शास्त्र म्हणून याला किंमत शून्य, पण प्रश्न म्हणून फार मोठी.

1970 च्या कायद्याने अमेरिकेने इबोगेनला सर्वांत कडक बंदीच्या यादीत टाकलं. लॉट्सॉफ गप्प बसला नाही. 1985 मध्ये त्याने या उपचाराचं पेटंट मिळवलं, हॉलंडमधल्या व्यसनी लोकांच्या संघटनांबरोबर काम केलं, सरकारी संशोधन संस्थेच्या दारात वर्षानुवर्षं बसून राहिला. 1993 मध्ये मायामीत माणसांवरच्या पहिल्या टप्प्याच्या चाचणीला परवानगी मिळालीही, पण पैशाअभावी ती अडली, आणि 1995 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अंमली पदार्थ संस्थेने हात आखडता घेतला.

हात आखडायला कारणही होतं. इबोगेन हृदयाच्या विजेच्या ठोक्याशी खेळतं. दोन ठोक्यांमध्ये हृदयाला पुन्हा सज्ज व्हायला लागणारा वेळ ते लांबवतं, आणि हृदय आधीच कमजोर असेल, रक्तात पोटॅशियम-मॅग्नेशियम कमी असेल किंवा दुसरी नशा अंगात असेल तर ठोका बिघडून माणूस जातो. 1990 ते 2008 या काळात इबोगेन घेतल्यानंतर तीन-सव्वातीन दिवसांत दगावलेल्या 19 जणांच्या नोंदी पुढे एकत्र तपासल्या गेल्या. न्यूझीलंडमध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीवर ते देता येतं, तिथल्या 2017 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 14 रुग्ण होते. बहुतेकांची अफूवर्गीय औषधांची गरज उतरली, पण एक रुग्ण उपचारादरम्यान गेला. चौदात एक. या उपचाराची बाजू घेणाऱ्याने हा आकडा खिशात लपवून बोलू नये, म्हणून मी तो आधीच मांडला.

तरीही मी बाजू घेतो. 2024 च्या जानेवारीत स्टॅनफर्डच्या मंडळींनी 30 माजी सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. डोक्याला मार बसलेले, युद्धाने पोखरलेले लोक. मेक्सिकोत त्यांना इबोगेनच्या जोडीने हृदय सांभाळायला मॅग्नेशियम दिलं गेलं. नैराश्य आणि भीती खूप उतरली, हृदयाचा गंभीर त्रास कोणाला झाला नाही. तुलनेला दुसरा गट नव्हता आणि विषय व्यसनाचा नव्हता, हे खरंच. पण त्याच सैनिकांच्या जोरावर 2025 मध्ये टेक्सास राज्याने इबोगेनच्या चाचण्यांसाठी 5 कोटी डॉलर मंजूर केले. तिथली माणसं आपल्याइतकीच देवभोळी आणि कायद्याला घाबरणारी. त्यांना पटवलं ते व्यसनातून आणि युद्धातून आलेल्यांनी, स्वतःच्या तोंडाने बोलून.

धोतरा, भूछत्र आणि निपाणीचा तंबाखू

हीच गोष्ट दारूबाबतही दिसते. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना सुरू करणारे बिल विल्सन 1934 च्या डिसेंबरात शेवटचं इस्पितळात गेले तेव्हा त्यांना बेलाडोना दिला होता, म्हणजे आपल्या धोतऱ्याच्या गोत्रातली वनस्पती. तिथेच त्यांना तो प्रसिद्ध पांढरा प्रकाश दिसला आणि त्यानंतर ते प्याले नाहीत. प्रकाश देवाचा की बेलाडोनाचा, हा वाद मी सोडवणार नाही. (आणि धोतऱ्याचं नाव काढलंच आहे तर सांगतो, त्याच्या वाटेला चुकूनही जाऊ नका, ते विष आहे.) विल्सन यांनी 1956 मध्ये एलएसडी हे भास घडवणारं रसायनही घेऊन पाहिलं आणि इतर पिणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल असं त्यांना वाटलं. त्यांच्याच संघटनेतल्या अनेकांना ते रुचलं नाही.

त्या सुमारास कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात हम्फ्री ऑस्मंड आणि त्यांचे सहकारी दारुड्यांना एलएसडी देत होते. मूळ कल्पना अशी की दारू तुटल्यावर जो थरकाप आणि भास होतो तसा अनुभव मुद्दाम दिला तर माणूस घाबरून सुटेल. रुग्ण घाबरले नाहीत, उलट बरेचसे शांत होऊन बाहेर आले. मग डॉक्टरांनी कल्पनाच बदलली. 2012 मध्ये त्या काळच्या सहा चाचण्या, एकूण 536 रुग्ण, एकत्र मोजल्या गेल्या. एलएसडी घेतलेल्यांत 59 टक्के सुधारले, दुसऱ्या गटात 38 टक्के. 2022 मध्ये न्यूयॉर्कमध्ये भूछत्रातल्या सिलोसायबिनची दारूवर चाचणी झाली. 32 आठवड्यांत भरपूर पिण्याचे दिवस सिलोसायबिन घेतलेल्यांत सुमारे 10 टक्के, न घेतलेल्यांत 24 टक्के. दोन्ही गटांना समुपदेशन मात्र सारखंच मिळालं होतं.

निपाणीकरांसाठी दोन गोष्टी. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात 2014 मध्ये सिलोसायबिन आणि समुपदेशन दिलेल्या 15 सिगारेटवाल्यांपैकी 12 जण सहा महिन्यांनंतरही ओढत नव्हते. पंधरा म्हणजे एका चहाच्या टपरीवरची गर्दी, तेव्हा फार नाचू नये. दुसरी गोष्ट जास्त मजेची. पेरूमध्ये तारापोतो गावात 1992 पासून 'ताकिवासी' नावाचं केंद्र आहे. तिथे कोका पेस्टच्या, म्हणजे कच्च्या कोकेनच्या, व्यसनींना आयावास्का हा वेल आणि पानांचा काढा देतात, आणि त्याआधी शरीर साफ करायला चक्क तंबाखूचं पाणी पाजून ओकवतात. ॲमेझॉनच्या वैदूंच्या लेखी तंबाखू ही गुरू वनस्पती. ज्या तंबाखूच्या भावासाठी 1981 मध्ये निपाणीत महामार्ग अडवला गेला, शेतकऱ्यांनी गोळ्या खाल्ल्या, जिच्या विड्या वळून आपल्या बायकांची बोटं आणि फुप्फुसं झिजली, तिचीच एक बहीण तिकडे व्यसनावरचं औषध. झाड तेच वागतं, माणसं त्याच्याभोवती काय उभारतात त्यावर फरक पडतो. तिकडे काढ्याभोवती महिनोन्महिन्यांचा मुक्काम, पथ्य, काम आणि सोबत असते. माळेभोवती फड असतो, तसंच.

सर्पगंधेची वाट

कोणी म्हणेल, हे परदेशी कौतुक आपल्याला कशाला. पण इबोगा आपल्याला तितकी परकी नाही. ती ज्या कुळातली त्याच कुळात अंगणातली तगर, सदाफुली, आणि खानापूरच्या रानातला नागलकुडाही येतो. तगरीत इबोगेनच्या जवळची काही द्रव्यंही सापडतात. म्हणून तगर चघळायची नाही, जवळचं म्हणजे तेच नव्हे.

याच कुळातली सर्पगंधा आपल्याला जास्त शिकवते. वेड लागलेल्या माणसाला तिची मुळी द्यायची रीत इथे जुनी. 1931 मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा उन्मादावर आणि रक्तदाबावर होणारा परिणाम छापला. 1949 मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी ब्रिटिश नियतकालिकात रक्तदाबाच्या रुग्णांवरचे निष्कर्ष दिले आणि जग जागं झालं. 1952 मध्ये तिच्यातलं रेसर्पिन वेगळं झालं. ते काही जणांना नैराश्यात ढकलतं का, हा प्रश्नही मोजूनच तपासला गेला. वैदूची मुळी ते मोजलेली गोळी, ही वाट आपल्याच लोकांनी आधी चालून दाखवली आहे.

आणि पुढची वाट चालायला लागणारी संस्था बेळगावातच आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्था नेहरूनगरात आहे, पश्चिम घाटाच्या वनस्पती हा तिचा अभ्यासविषय. 1985 च्या अंमली पदार्थ कायद्यात सिलोसायबिन, मेस्कलिन, डीएमटी ही भास घडवणारी सगळी द्रव्यं यादीत आहेत, घरात सापडली तर तुरुंग. पण वैद्यकीय आणि वैज्ञानिक कामासाठी परवानगीचा दरवाजा त्याच कायद्याने ठेवलेला आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू-नशेतून येणाऱ्या अवस्था मानसिक आजारांत धरल्या आणि रुग्णाच्या संमतीला वजन दिलं. मागणी करायची ती इथे: हृदयतपासणीसकट, समुपदेशनासकट, रुग्णाच्या सहीने, मोजून केलेली चाचणी. झाड तोडायला रानात जायची मागणी नव्हे. कर्करोगाच्या औषधासाठी नरक्या या झाडाची घाटात कशी कत्तल झाली ते आपण पाहिलंय, आणि गॅबॉनमध्ये इबोगाची चोरटी तोड चालूच आहे.

तोवर काय? 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत देशात दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांमागे एकालाच कसलीही मदत मिळाल्याचं दिसलं, इस्पितळात भरती 180 मागे एकाला. आपल्याकडचे लोक धारवाडच्या मानसिक आरोग्य संस्थेत जातात, ज्यांना मराठीतून बोलायचं असतं ते पुण्याच्या मुक्तांगणला जातात. ते केंद्र 1986 मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं, आणि पिऊन सुटलेली माणसंच तिथे पुढच्यांना हात देतात.

नंदगडच्या काकूंना मी हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, पूड नको, त्यांनाच एकदा घेऊन या, बोलू आपण. काकूंनी पदर सावरला, पिशवी उचलली आणि म्हणाल्या, "तो येणारा असता तर मी पूड कशाला मागितली असती, दादा?"