कुमसाराची पार्श्वभूमी

ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ राखेच्या बुधवारी सुरू झाला की गोव्यातल्या चर्चमध्ये कुमसाराला, म्हणजे पाद्रीपुढे पापे कबूल करून क्षमा मागण्याला, गर्दी वाढू लागते. वर्षातून निदान एकदा पापांची कबुली द्यावी, हा नियम रोममध्ये 1215 साली झाला; पोर्तुगिजांबरोबर तो इथे आला.

त्यांच्याच मागोमाग धर्मन्यायालय (इन्क्विझिशन) आले. 1560 पासून 1812 पर्यंत, मधली 1774 ते 1778 ही वर्षे सोडता, त्याने माणसांना दंडाची वस्त्रे चढवून चारचौघांत पश्चात्ताप करायला लावला. तो पश्चात्ताप नव्हे, अपमान होता. नमणारा स्वतःहून नमला पाहिजे. 1616 साली राशोलला एका जेझुइट पाद्रीचे ओवीबद्ध मराठी पुराण छापले गेले, आणि 1684 मध्ये राज्यकर्त्यांनी लोकांची कोकणी भाषाच मोडून काढण्याचा हुकूम काढला. माणूस ज्या भाषेत रडतो, तीच हिरावली तर तो मनातले बोलणार कसे? गोवा वेल्ह्याची संतांची मिरवणूक मात्र फ्रान्सिस्कन परंपरेत आपखुशीने तपश्चर्या पत्करणाऱ्या संसारी माणसांच्या संघातून आली. ती आजही निघते.

खरा वाद अलीकडचा, कुमसाराच्या 1973 च्या नव्या विधीचा. त्यात तीन मार्ग आहेत. पहिला नेहमीचा, एकट्याचा. दुसऱ्यात सगळे मिळून शास्त्रवाचन आणि प्रार्थना करतात, मग एकेक जण पाद्रीकडे जातो. तिसऱ्यात सर्वांना एकदमच क्षमा मिळते. पण मृत्यू समोर असेल किंवा तशीच मोठी निकड असेल तरच, आणि गंभीर पाप पुढे एकट्याने सांगावेच लागते. काही देशांत ही अट सैल पडली. 2002 साली रोमने, म्हणजे पोपने, ती पुन्हा आवळली. शरमेने वर्षानुवर्षे दूर राहिलेल्यांचे दार यामुळे बंद झाले, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. तरीही जमावात मिसळून मिळालेल्या क्षमेत ‘मी चुकलो’ हे तोंडाने म्हणावे लागत नाही, आणि माणूस आतून बदलायला सुरुवात होते ती ते म्हणण्यातूनच, असे मला ठामपणे वाटते. दुसरा मार्ग म्हणूनच मोलाचा: शेजारीही पापीच आहे हे दिसते, आणि आपली कबुली आपल्यालाच द्यावी लागते.

2014 पासून प्रायश्चित्तकाळातल्या चौथ्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी-शनिवारी, रात्रीसुद्धा चर्च उघडे ठेवून कुमसार ऐकण्याचा पायंडा रोमने घातला. दिवसाउजेडी यायला संकोचणाऱ्यांना ही सोय फार आधी मिळायला हवी होती.