पृथ्वीच्या पोटातली सावली

माणसाने जमिनीत पाडलेलं सर्वांत खोल भोक रशियातल्या कोला द्वीपकल्पावर आहे, १२,२६२ मीटर. पृथ्वीचा गाभा सुरू होतो २,८९० किलोमीटरवर. त्यामुळे तिथली खबर आणतात त्या भूकंपाच्या लहरी, आणि त्यातही जास्त बोलकी असते ती त्यांची गैरहजेरी.

या लहरी दोन प्रकारच्या, प्राथमिक आणि दुय्यम. दुय्यम लहर खडकाला आडवं हलवत जाते. द्रवाला असा पीळ बसत नाही आणि गाभ्याचा बाहेरचा भाग द्रव आहे, म्हणून गाभ्याच्या दाराशी ती संपते. प्राथमिक लहर आत शिरते खरी, पण तिचा वेग सेकंदाला १३.७ किलोमीटरवरून एकदम ८.१ वर येतो आणि ती आत वळते. परिणामी भूकंपाच्या जागेपासून (पृथ्वीच्या मध्याशी कोन मोजला तर) साधारण १०४ ते १४० अंशांच्या पट्ट्यात थेट लहर पोचतच नाही. हीच गाभ्याची सावली. १८९७च्या आसाम भूकंपाचा अभ्यास केलेले भूगर्भशास्त्रज्ञ रिचर्ड ऑल्डहॅम यांनी १९०६मध्ये लहरी पोचण्याच्या वेळा मांडून गाभा असल्याचं दाखवलं.

मात्र १७ जून १९२९ला न्यूझीलंड हादरलं, तेव्हा या सावलीतल्या, रशियातल्या स्वेर्दलोव्स्कसारख्या भूकंपनोंद केंद्रांवर बारीक लहरी उमटल्या. डेन्मार्कच्या भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेमन अशा नोंदी कार्डांवर लिहून ओटच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत ठेवत. त्या आकड्यांवरून १९३६मध्ये त्यांनी मांडलं, की गाभ्याच्या आत आणखी एक गाभा आहे आणि लहरी त्यावर आपटून सावलीत येतात. आज त्याची त्रिज्या सुमारे १,२२० किलोमीटर धरतात.

हा आतला गाभा घन आहे. आत उष्णता जास्त, तरी तो घन कसा? कुकरमध्ये दाब वाढला, की पाणी शंभर अंशांना उकळत नाही. लोखंडाच्या वितळण्याचंही तसंच. तिथे हवेच्या ३२ लाख पट दाब आहे. पाच हजार अंशांवरही लोखंड गोठतं.

२०२३मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी पृथ्वीच्या आरपार पाच-पाच फेऱ्या मारणाऱ्या लहरी पकडल्या. एका फेरीला वीस मिनिटं. पाचव्या फेरीची खूण इतकी पुसट, की अनेक केंद्रांच्या नोंदी एकावर एक रचाव्या लागल्या. त्यांतून दिसलं, की पृथ्वीच्या मध्याभोवतीच्या सुमारे ६५० किलोमीटरमध्ये लहरी ज्या दिशेने सर्वांत मंद जातात, ती दिशा आतल्या गाभ्याच्या बाहेरच्या भागापेक्षा वेगळी आहे, म्हणजे लोखंडाचे स्फटिक वेगळे रचलेले असावेत. या भागाला वेगळा थर म्हटलं जातं, पण ते मला जरा सैल वाटतं. इथे पदार्थ बदलत नाही, बदलते ती स्फटिकांची ठेवण.