अँटीबॉडी आज, आजार काही वर्षांनी

'एएनए' म्हणजे स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकावर उलटणाऱ्या अँटीबॉडींची रक्तचाचणी. ती 'पॉझिटिव्ह' असा रिपोर्ट आला की पहिला धसका ल्युपसचा, म्हणजे प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर हल्ला करते त्या आजाराचा. पण रक्तद्रव ४० पट पातळ करून तपासला, तर ठणठणीत माणसांतही जवळपास ३० टक्के पॉझिटिव्ह निघतात. १६० पट पातळ केल्यावर ५ टक्केच उरतात. स्वतःवर उलटणाऱ्या अँटीबॉडी असणं वेगळं आणि आजार होणं वेगळं.

उलटू शकणाऱ्या टी-पेशी (प्रतिकार करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) तर सगळ्यांच्याच अंगात असतात. छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत त्या तयार होताना त्यांची परीक्षा होते. एआयआरई या जनुकामुळे तिथे इन्शुलिनसारखी शरीरातल्या इतर अवयवांची प्रथिनंही थोडीथोडी बनतात आणि त्यांना घट्ट चिकटणारी टी-पेशी बहुधा तिथेच मरते. ही चाळण काही पक्की नाही. निसटलेल्यांना आवरायला नियामक टी-पेशी असतात. त्यांच्यासाठी फॉक्सपी३ हे जनुक लागतं. ते बिघडलेल्या मुलग्यांत अगदी तान्हेपणीच आतडं, त्वचा, स्वादुपिंड यांवर हल्ला सुरू होतो. या पेशींच्या शोधाबद्दल ब्रन्को, रॅम्सडेल आणि साकागुची यांना २०२५ चं नोबेल मिळालं.

मग लगाम सुटतो कशाने? 'प्रतिकारशक्ती कमी झाली' हे लोकप्रिय उत्तर चूक आहे. एचएलए जनुकांचे (टी-पेशींना प्रथिनांचे तुकडे दाखवणाऱ्या रेणूंची जनुकं) काही प्रकार धोका वाढवतात, पण एकाच फलित बीजापासून झालेल्या जुळ्या भावंडांची जनुकं तंतोतंत सारखी असूनही अनेकदा एकच आजारी पडतं. कधी ठिणगी जंतूची असते: घशातल्या स्ट्रेप्टोकोकसचं एक प्रथिन हृदयातल्या प्रथिनांशी मिळतंजुळतं असतं, म्हणून घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी संधिवाताचा ताप येऊन झडपांना इजा होऊ शकते.

टाइप १ मधुमेहात, म्हणजे स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर हल्ला होतो त्या आजारात, ही वाटचाल नीट दिसते. आधी बहुधा इन्शुलिनविरुद्ध किंवा जीएडी या बीटा पेशींतल्या प्रथिनाविरुद्ध एकच अँटीबॉडी सापडते. ती कधीकधी नाहीशीही होते. पण बीटा पेशी फुटू लागल्या की आतली नवी प्रथिनं उघडी पडतात, त्यांच्यावरही हल्ला होतो, आणखी पेशी फुटतात. दोन किंवा अधिक अँटीबॉडी असलेल्या मुलांपैकी सुमारे ७० टक्क्यांना दहा वर्षांत मधुमेह होतो. तोवर तहान नाही, वजन घटत नाही. फक्त मधल्या टप्प्यात साखरेची चाचणी बिघडलेली दिसते. नेमक्या याच टप्प्यावर द्यायचं टेप्लिझुमॅब हे औषध अमेरिकेत २०२२ मध्ये मंजूर झालं. सलग १४ दिवस ते शिरेतून देतात. त्याने मधुमेह साधारण दोन वर्षं लांबतो, टळत मात्र नाही.