बँक सिलेक्ट आणि प्रोग्राम चेंज: यादीत सतार, स्पीकरमध्ये बँजो

सिक्वेन्सरमध्ये, म्हणजे गाणं नोंदवून वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, सिंथच्या (सिंथेसायझरच्या) पॅचची, म्हणजे त्यातल्या आवाजांची, नावं भरून ठेवायचा कंटाळा बरेच जण करतात. नंबरांवर काम भागतं हे खरं, पण 'बँक ३, पॅच ४७' एवढंच लिहिलेलं गाणं वर्षभराने उघडलं की तो आवाज कोणता होता हे सिंथ लावून, वाजवूनच शोधावं लागतं. म्हणून यादी करावीच. मात्र नावं चुकली म्हणून यादी बिघडली असं फार क्वचित होतं. ती बिघडते ती बँक (आवाजांचा गट) आणि प्रोग्राम (त्या गटातला आवाजाचा नंबर) या दोन वेगळ्या गोष्टी एकच समजल्यामुळे.

आधी एक गोष्ट पक्की करू. मिडी म्हणजे वाद्यं आणि कॉम्प्युटर यांनी एकमेकांना निरोप पाठवायची ठरलेली पद्धत. आवाज निवडताना मिडी केबलमधून नाव जात नाही. १९८३ साली मिडी बाजारात आलं तेव्हापासून आजतागायत निवड नंबरानेच होते. स्क्रीनवर 'सतार' दिसतं ते फक्त तुमच्या कॉम्प्युटरवरच्या फाइलमध्ये तसं लिहिलंय म्हणून. तिथे 'सनई' लिहिलंत तरी सिंथला काहीच फरक पडणार नाही.

प्रोग्राम चेंज, म्हणजे आवाज बदलायला सांगणारा निरोप, सगळा मिळून दोन बाइटचा. पहिल्या बाइटमध्ये 'हा प्रोग्राम चेंज आहे' आणि चॅनेल कोणता ते, दुसऱ्यात ० ते १२७ मधला एक नंबर. म्हणजे १२८ आवाज. यामाहाच्या डीएक्स७ मध्ये स्वतःचे आवाज ३२ होते, त्या काळाला १२८ भरपूर होते. पुढे एकेका सिंथमध्ये शेकडो आवाज येऊ लागले आणि बँक सिलेक्टची गरज पडली.

बँक सिलेक्ट हा मुळात वेगळ्या जातीचा निरोप आहे. मॉड्युलेशन किंवा व्हॉल्यूम जसे कंट्रोलर (एखादी सेटिंग बदलणारे निरोप), तसाच हा, आणि त्याचे दोन भाग आहेत: कंट्रोलर ० म्हणजे एमएसबी (बँकेच्या नंबराचा वरचा भाग) आणि कंट्रोलर ३२ म्हणजे एलएसबी (खालचा भाग). दोन्ही मिळून १६,३८४ बँका होतात. पण एकटा बँक सिलेक्ट पाठवला तर आवाज बदलत नाही. सिंथ तो नंबर लक्षात ठेवतो आणि पुढच्या प्रोग्राम चेंजची वाट बघतो. 'बँक पाठवली, काहीच झालं नाही' ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच निघते. उलटही तितकंच खरं: बँक न सांगता नुसता प्रोग्राम चेंज पाठवला तर तो शेवटच्या बँकेतच लागू होतो. म्हणून एखादं गाणं सकाळी बरोबर वाजतं आणि दुसरं गाणं वाजवून परत आलात की तेच चुकीचं वाजतं.

चूक कुठे आहे हे कानाने ओळखता येतं. मला ही सगळ्यात उपयोगी खूण वाटते. प्रोग्राम चुकला असेल तर बहुधा शेजारचा आवाज वाजतो. १९९१ च्या जनरल मिडी यादीत (सगळ्या कंपन्यांसाठी ठरलेल्या १२८ आवाजांच्या यादीत) सतार १०५ वी आहे, बँजो १०६ वा, सनई ११२ वी. पण छापील यादी १ पासून मोजते आणि केबलवर मोजणी ० पासून होते, त्यामुळे सतारीसाठी खरा नंबर १०४ जातो. फाइलमध्ये तुम्ही १०५ समोर सतार लिहिली, तर सतार निवडल्यावर बँजो वाजेल आणि सनईच्या जागी टिंकल बेल किणकिणेल. सगळी यादी एका घराने सरकलेली असते आणि ती एका मिनिटात सुधारते.

बँक चुकली की मात्र शेजारी नव्हे, भलताच कुणी वाजतो, नाहीतर आवाज बदलतच नाही. इथे कारणं जास्त आहेत, कारण प्रत्येक कंपनीने ते दोन आकडे आपापल्या पद्धतीने वापरले. जनरल मिडी वाढवून रोलँडने जीएस आणि यामाहाने एक्सजी अशी पद्धत काढली. रोलँडच्या जीएसमध्ये पर्यायी आवाज एमएसबीने निवडतात, यामाहाच्या एक्सजीमध्ये साधारणपणे एमएसबी ० ठेवून एलएसबीने. त्यामुळे 'बँक ८' एवढ्याने काही कळत नाही. रोलँडच्या जेव्ही-१०८० या सिंथमध्ये यूजर बँक (आपले आवाज साठवायची) ८०/० (एमएसबी/एलएसबी) आहे, प्रीसेट ए ८१/०, प्रीसेट बी ८१/१. शिवाय रोलँडच्या मॅन्युअलमधली मिडीची पानं हेक्समध्ये (दहाऐवजी सोळावर आधारलेल्या मोजणीत) असतात. तिथला ५१एच म्हणजे ८१. तो साधा एक्कावन्न म्हणून फाइलमध्ये गेला की पुढचं सगळं फसतं.

हे आकडे सॉफ्टवेअरमध्ये कसे लिहायचे यातही फरक आहे. केकवॉक या सिक्वेन्सरच्या आयएनएस फाइलमध्ये (आवाजांच्या यादीच्या फाइलमध्ये) दोन आकड्यांचा एकच करावा लागतो: एमएसबी गुणिले १२८, अधिक एलएसबी. म्हणजे जेव्हीची यूजर बँक १०२४०, प्रीसेट ए १०३६८ आणि प्रीसेट बी १०३६९. जीएसची बँक ८ तिथे १०२४ होते, तर एक्सजीत एलएसबी ८ म्हणजे नुसते ८. हा हिशोब 'नॉर्मल' पद्धतीचा. 'फक्त कंट्रोलर ०' ही पद्धत निवडली तर जीएससाठीही ८ च लिहायचे. रीपर या सिक्वेन्सरच्या रीबँक फाइलमध्ये एमएसबी आणि एलएसबी शेजारीशेजारी वेगळे लिहितात आणि खाली नंबर व नाव. नवख्याने इथून सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे, कारण मॅन्युअलमधले बँकेचे दोन आकडे गुणाकार न करता उतरवता येतात. आर्डर आणि डिजिटल परफॉर्मर हे सिक्वेन्सर मिडनॅम नावाच्या फाइली वाचतात. त्या हाताने लिहायला किचकट, पण अनेक सिंथसाठी तयार मिळतात.

आपल्याकडच्या वाद्यांसाठी काम करणाऱ्याला बँक टाळताच येत नाही. जनरल मिडीत सतार आणि सनई आहेत, पण तबला नाही आणि पेटीही नाही. पेटीच्या जवळचा म्हणावा तर २१ वा रीड ऑर्गन. यामाहाने भारतासाठी काढलेल्या पीएसआर-आय मालिकेसारख्या कीबोर्डमध्ये असे आवाज दिले, पण १२८ च्या त्या ठरलेल्या यादीत त्यांना जागाच नाही. ते कुठे ठेवलेत हे त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधल्या व्हॉइस लिस्टमध्ये बघावं लागतं, आणि तिथे एमएसबी, एलएसबी, प्रोग्राम असे तीन रकाने असतात. तिन्ही उतरवून घ्या.

ट्रॅकमध्ये क्रमही सांभाळा: आधी कंट्रोलर ०, मग ३२, मग प्रोग्राम चेंज. तिन्ही पहिल्या सुरापासून थोडे आधी ठेवा, कारण जुन्या सिंथला आवाज बदलायला क्षणभर लागतो.

यादी तयार झाली की प्रत्येक बँकेतला पहिला आणि शेवटचा आवाज निवडून सिंथच्या डिस्प्लेवरचं नाव जुळतं का बघा, मग दुसऱ्या बँकेत जाऊन परत या आणि पुन्हा बघा. यूजर बँकेची यादी वेगळी ठेवा. तिथले आवाज तुम्हीच बदलत राहता, आणि सिंथवर नवा आवाज सेव्ह केला तरी कॉम्प्युटरवरच्या फाइलमधलं जुनं नाव आपोआप बदलत नाही.