शेवटी कोण थांबले? गॅलेरा क्लस्टर बंद-चालू करण्यामागची पार्श्वभूमी

क्लस्टर (एकच डेटा सांभाळणाऱ्या सर्व्हरांचा समूह) पूर्ण बंद करून परत वर आणताना जो नोड, म्हणजे त्यातला सर्व्हर, शेवटी थांबला तोच पहिला सुरू करायचा, हे डीबीएच्या (डेटाबेस सांभाळणाऱ्याच्या) कामात आता पाठच झालेले असते. गॅलेरावर, म्हणजे सगळ्या नोडांवरचा डेटा सारखा ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालणाऱ्या मारियाडीबी आणि मायएसक्यूएल या डेटाबेसच्या क्लस्टरमध्ये तर 2016 पासून सॉफ्टवेअरच हा क्रम पाळायला लावते. तो कसा पाळायला लावावा, यावरचा वाद मात्र अजून मिटलेला नाही.

मुळातली कल्पना बरीच जुनी आहे. 1980च्या दशकातल्या व्हॅक्सक्लस्टरमध्ये, म्हणजे व्हॅक्स संगणकांच्या समूहात, प्रत्येक यंत्राला मते असत आणि कोरम (काम चालू ठेवायला लागणारी किमान मते) भरला नाही की उरलेली यंत्रे काम थांबवून नुसती उभी राहत. त्यामुळे यंत्र बंद करताना 'रिमूव्ह नोड' हा पर्याय देता येई. तो दिला की उरलेल्यांचा कोरम त्या मानाने खाली येई. सांगून जाणे आणि न सांगता नाहीसे होणे, हा फरक तिथे पहिल्यापासून होता.

गॅलेराने तोच फरक ठेवला. तीन नोडांपैकी दोन एकेक करून नीट बंद केले, तर एकटा उरलेला नोडही लिहिणे चालू ठेवतो. तेच दोन नोड वीज जाऊन एकदम पडले, तर तोच धडधाकट नोड लिहायला नकार देतो. कर्नल पॅचसाठी (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याच्या दुरुस्तीसाठी) एकेक नोड खाली घेण्याचे काम यामुळे सोपे झाले: थांबवा, रीबूट करा, परत 'सिंक्ड', म्हणजे इतरांच्या बरोबरीला आलेला, दिसेपर्यंत दुसऱ्याला हात लावू नका. खरी अडचण असते ती तिन्ही नोड बंद असताना. तेव्हा विचारायला कोणीच जागे नसते. शेवटचा व्यवहार (डेटातला शेवटचा बदल) कोणाकडे आहे, हे डिस्कवरच्या नोंदीवरूनच ठरवावे लागते.

ती नोंद 'ग्रास्टेट.डॅट' नावाच्या चार-पाच ओळींच्या फाइलमध्ये असते. क्लस्टरचा यूयूआयडी (त्याची एकमेव ओळख) आणि त्याखाली 'सीक्‍नो', म्हणजे शेवटच्या व्यवहाराचा क्रमांक. नोड चालू असताना तिथे -1 लिहिलेले असते, कारण प्रत्येक व्यवहारानंतर फाइल लिहीत बसणे परवडणारे नाही. नीट बंद केल्यावरच खरा आकडा उमटतो. या -1 ने जेवढे गैरसमज पसरवले, तेवढे गॅलेरातल्या दुसऱ्या कशानेच पसरवले नसतील. डेटा खराब झाला, असा त्याचा अर्थ नाही. तो फक्त एवढेच सांगतो की हा नोड निरोप न घेता गेला.

सापळा नेमका इथे होता. समजा, दुपारी दोनला मेमरी बदलायला पहिला नोड नीट बंद केला. त्याच्या फाइलमध्ये स्वच्छ आकडा आला. रात्री वीज गेली आणि उरलेले दोन पडले. त्यांच्या फाइलमध्ये -1. पहाटे कोणीतरी तिन्ही फाइली उघडतो, त्याला दोन ठिकाणी -1 आणि एका ठिकाणी छान भरलेला आकडा दिसतो, आणि तो भरलेल्या आकड्यावर विश्वास ठेवतो. क्लस्टर दुपारच्या स्थितीत उभा राहतो. दुसरा नोड जोडायला गेला की तो स्वतःला थांबवतो: माझा क्रमांक समूहाच्या पुढे आहे, दोन्हींचा इतिहास फाटला आहे. पण त्याच संदेशात पुढे असते, की पुढे जायचेच असेल तर ग्रास्टेट फाइल काढून टाका. थकलेला माणूस ती काढतो. मग एसएसटी, म्हणजे चालू नोडकडून पूर्ण डेटाची प्रत घेणे, सुरू होतो आणि दुपारनंतरचा सगळा डेटा जुन्या प्रतीखाली गाडला जातो. मी एका कामात हे शेजारी बसून पाहिले आहे. त्या पहाटे कोणीही आळस केला नव्हता. जे वाचले त्याप्रमाणेच सगळे वागले होते.

शब्दांनीही गोंधळ वाढवला. पहिला नोड उठवण्याला 'बूटस्ट्रॅप' म्हणतात आणि मारियाडीबीत त्यासाठीची आज्ञा आहे 'गॅलेरा न्यू क्लस्टर'. नवा क्लस्टर म्हटल्यावर जुना डेटा पुसला जाईल, या भीतीने लोक ती चालवायला कचरत. प्रत्यक्षात डेटा आणि यूयूआयडी तसेच राहतात; फक्त 'इतरांना शोधू नकोस, तूच पहिला' एवढाच त्याचा अर्थ. त्याआधी हे काम कॉन्फिगमधला इतर नोडांचा पत्ता रिकामा ठेवून होत असे. तो परत भरायचा राहिला, की पुढच्या रीबूटला नोड गुपचूप स्वतःचा वेगळा संसार थाटायचा.

2016 मध्ये गॅलेरा 3.19 सोबत ग्रास्टेट फाइलमध्ये आणखी एक ओळ आली: 'सेफ टू बूटस्ट्रॅप'. शेवटी नीट थांबलेल्या नोडवर 1, बाकीच्यांवर 0. शून्य असलेल्या नोडवरून बूटस्ट्रॅप करू पाहिले तर तो उठतच नाही. वीज गेल्यावर मात्र सगळीकडेच 0 राहते, आणि तेव्हा माणसाने स्वतः एका ठिकाणी 1 लिहायचा.

वाद याच शेवटच्या भागावर आहे. विरोधकांचे म्हणणे असे की यंत्राला जे ठरवता येते ते माणसावर का टाकावे? 'डब्ल्यूएसरेप रिकव्हर' हा पर्याय चालवला की इनोडीबीतून, म्हणजे डेटा प्रत्यक्ष साठवणाऱ्या भागातून, प्रत्येक नोडचा खरा क्रमांक कळतो. सर्वांत मोठा निवडा, झाले. शिवाय लोक विचार न करता एका ओळीच्या आज्ञेने 0 चा 1 करतात, मग संरक्षण उरले कुठे? यातले शेवटचे म्हणणे खरे आहे. पण पहिले मला पटत नाही. सर्वांत मोठा क्रमांक निवडायचा तर तिन्ही नोडांचे क्रमांक समोर हवेत. एखाद्याची डिस्कच चढत नसेल, तर त्याच्यावर काय होते हे यंत्राला कळणार नाही. तिथे जोखीम घ्यायची की डिस्क दुरुस्त होईपर्यंत थांबायचे, हा निर्णय ज्याचा डेटा आहे त्याने घ्यायचा असतो. शून्य त्याला तेवढ्यासाठी अडवते, आणि ते योग्यच आहे.

पुढच्या वर्षांत अडचणी सेवा चालवणाऱ्या थरांतून आल्या. लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टमडीची सुरू होण्याची मुदत मूळ 90 सेकंदांची. मोठा एसएसटी त्यात मावत नसे आणि अर्ध्यावर मारला जाई. कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटीसमध्ये पॉडला (तिथे एक नोड एका पॉडमध्ये चालतो) निरोप घ्यायला मूळ मुदत 30 सेकंदच. तेवढ्यात इनोडीबीची मेमरीतली पाने डिस्कवर गेली नाहीत, तर प्रक्रिया मारली जाते, आणि फाइलमध्ये परत -1 आणि 0. ती मुदत वाढवणे हे तिथले पहिले काम.

क्रम मात्र तिथे आयताच जुळला. स्टेटफुलसेटची (क्रमांक दिलेल्या पॉडांच्या संचाची) संख्या कमी करताना पॉड मोठ्या क्रमांकाकडून शून्याकडे बंद होतात आणि शून्यापासून वर उठतात. पण स्टेटफुलसेट सरळ काढून टाकला तर असा कुठलाच क्रम पाळला जात नाही. म्हणून सांभाळून काम करणारे आधी संख्या शून्यावर आणतात, मगच तो काढतात. शून्याव्या पॉडच्या डिस्कवर तेव्हा 'सेफ टू बूटस्ट्रॅप'ची ओळ 1 दाखवते.