डिलीटच्या एक मिनिट आधीचा डेटाबेस

"डेटा क्लाउडवर आहे ना, मग बॅकअप कशाला" असं कोणी म्हणालं की मला गिटलॅब (प्रोग्रॅमर लोक आपला कोड ठेवतात ती साइट) आठवतं. ३१ जानेवारी २०१७ ला, डेटाबेस पोस्टग्रेस (डेटा सांभाळणारं सॉफ्टवेअर), तोही मायक्रोसॉफ्टच्या अझुर क्लाउडवर, आणि इंजिनियरने रिप्लिकावरचं (मुख्य सर्व्हरची सतत जुळती ठेवलेली प्रत) फोल्डर उडवायच्या नादात मुख्य सर्व्हरवरचंच उडवलं, थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार उरले. रोजच्या बॅकअपची बकेट (क्लाउडवरची साठवणीची जागा) उघडली तर रिकामी! बॅकअपचा प्रोग्रॅम ९.२ व्हर्जनचा, डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे तो फेल व्हायचा आणि फेल झाल्याचे मेल पण रिजेक्ट व्हायचे. सहा तासांपूर्वी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट (त्या क्षणाची डेटाची प्रत) होता म्हणून निभावलं.

रिप्लिका म्हणजे बॅकअप नाही, इकडे डिलीट मारलं की ते इमानदारीत तिकडेही पोचतं.

मला यातली खरी आवडते ती गोष्ट म्हणजे वॉल (WAL), बदल आधी लिहून ठेवायची नोंदवही, म्हणजेच लॉग. पोस्टग्रेस बदल थेट टेबलच्या फाइलमध्ये पक्का करत नाही, आधी लॉगमध्ये लिहितो, लॉग डिस्कवर गेला की "कमिट झालं" सांगतो, टेबलच्या फाइली नंतर सवडीने. दुकानदार आधी रोजकीर्दीत लिहितो आणि खतावणी मागून करतो तसंच. म्हणजे जुनी खतावणी आणि त्यानंतरची सगळी कीर्द हातात असेल तर कुठल्याही क्षणाचा हिशोब उभा करता येतो, दुपारी २:४७ ला चुकीचं डिलीट गेलं असेल तर २:४६ पर्यंतच लॉग चालवायचा आणि थांबायचं. गंमत अशी की मूळ बॅकअप, म्हणजे ती जुनी खतावणी, चालू डेटाबेसचाच घेतात, त्यामुळे त्यातलं एक पान दोन वाजताचं तर दुसरं दोन-दहाचं, एकमेकांशी मेळ नाही, पण प्रत्येक ८ केबीच्या पानावर ते बदलणाऱ्या लॉगमधल्या शेवटच्या नोंदीचा नंबर असतो, तो बघून आधीच झालेले बदल गाळले जातात आणि चेकपॉइंटनंतर (तोवरचे बदल फाइलींत उतरल्याची खूण) पान पहिल्यांदा बदललं की अख्खं पानच लॉगमध्ये उतरवतात, म्हणजे अर्धवट लिहिलेलं पानही दुरुस्त होतं. मात्र १६ एमबीच्या त्या लॉग फाइलींपैकी मधली एक जरी गहाळ झाली तरी गाडी तिथेच थांबते.

दसऱ्याला सर्व्हरला झेंडूचा हार घाला, माझी हरकत नाही, पण त्याच दिवशी एक रिस्टोअर, म्हणजे बॅकअपवरून डेटाबेस परत उभा, करूनही बघा. आणि "अकरा नऊ" (९९.९९९९९९९९९ टक्के) टिकाऊपणाच्या जाहिरातीला भुलू नका, तो आकडा फाइल हरवण्याबद्दल आहे, तुम्हीच डिलीट मारलेल्या टेबलाबद्दल नाही.

अॅमेझॉनच्या आरडीएसमध्ये (भाड्याने मिळणारा तयार डेटाबेस) हे सगळं तयार मिळतं, लॉग दर ५ मिनिटांनी एस-थ्रीवर (त्यांच्याच फाइल साठवणीवर) जातो, जास्तीत जास्त ३५ दिवस मागे जाता येतं. फक्त रिस्टोअर जुन्या डेटाबेसवर होत नाही, नवीनच उभा राहतो, पत्ताही नवीन, म्हणजे अॅपची सेटिंग बदलावी लागते. शिवाय "तयार आहे" असं दिसलं तरी डेटा मागून लागेल तसा एस-थ्रीवरून येत असतो, त्यामुळे सुरुवातीच्या क्वेरी रखडतात, तेव्हा घाबरून रीस्टार्ट मारू नका.